हमरस्त्याला न लागता : डिचोली ते महाबळेश्वर घाटमाथ्याने, परत किनाऱ्याने. सल्ला हवा आहे

तांबडी_माती

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गाव डिचोली. गाडी म्हणजे हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही मोटारसायकल, १८ हजार किलोमीटर झालेली. त्यातले सोळा हजार घर ते पर्वरी ऑफिस आणि परत. घेतली रानवाटांसाठी आणि राबतेय सिग्नलवर. बायको म्हणते, एवढी उंच गाडी काय पर्वरीच्या गर्दीत लांबचं दिसावं म्हणून घेतलीस?

तर व्हडली दिवाळी (तुळशीचं लग्न) उरकली की नोव्हेंबरात सहा दिवसांची रजा मिळतेय. एकटाच निघणार. बेत असा : डिचोलीहून दोडामार्ग, तिलारी घाट चढून चंदगड, मग आजरा, गारगोटी, राधानगरी, गगनबावडा, मलकापूर, ढेबेवाडी, पाटण, सडावाघापूर, कास, बामणोली. तिथून तराफ्यावर गाडी चढवून तापोळा, मग महाबळेश्वर. आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरून दापोली, दाभोळची फेरीबोट, गुहागर, तवसाळची फेरीबोट, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, घर. अट एकच, राष्ट्रीय महामार्ग फक्त ओलांडायचा, त्यावरून जायचं नाही.

मॅप सांगतो दिवसाला २३० ते २५० किलोमीटर पडतील. जमेल ना?

दुसरं, निघण्याआधी कच्च्या रस्त्यावर हात बसवायचाय. उपग्रहाच्या चित्रात सत्तरीत केरीच्या वरच्या अंगाला म्हादईच्या रानात शिरणारी एक झकास वाट दिसतेय. कोणी गेलंय का तिथे? जीपीएक्स (नकाशावर उघडते ती वाटेची फाइल) असेल तर द्या.

अर्धी_टाकी

पहिला मी! बेत एक नंबर. फक्त २०० सीसीवर एवढं लांब? हिमालयन ४५० घे, ४० एचपी, १७ लिटरची टाकी. माझ्याकडे आहे म्हणून सांगतो.

आबोली

आणि १९६ किलो. तिलारीच्या वळणावर आडवी झाली की उचलायला अर्ध्या टाकीला फोन करायचा का? :)

अर्धी_टाकी

ताई, मी येईन ना. पार्सल घेऊन येईन.

जुनी_राजदूत

तांबडीमाती, सवडीने लिहितो, कारण बेत मनापासून आवडला आणि गणित मनापासून चुकलंय.

तू किलोमीटर मोजलेस. आतल्या रस्त्यांचा हिशेब तासांत करायचा. नोव्हेंबराच्या मध्यावर आपल्याकडे साडेसहाला उजाडतं आणि सहाला सूर्य बुडतो. झाले साडेअकरा तास. सकाळी सामान बांधून, चहा घेऊन, चेन बघून निघेपर्यंत साडेसात वाजतात, कितीही शपथ घेतलीस तरी. संध्याकाळी राहायची जागा उजेडातच शोधायची, म्हणजे साडेचारला थांबलं पाहिजे. उरले नऊ. जेवण, पेट्रोल, वाट चुकणं, गुरं, कुणीतरी ‘खंयचे तुम्ही?’ म्हणून थांबवणं, फोटो, लघवी. सात तास गाडी चालली तर नशीब समज. घाट, खड्डे, गावं धरून ताशी पंचवीसच्या वर सरासरी पडत नाही. सात पंचे पस्तीस, एकशे पंचाहत्तर. तेही पहिल्या दोन दिवसांत. चौथ्या दिवशी मनगटं बोलायला लागतात, तेव्हा दीडशे धर.

तुझा रस्ता मी कागदावर टाकून बघितला, तेराशेच्या खाली येत नाही. तेराशे भागिले दीडशे, म्हणजे नऊ दिवस. शिवाय एक दिवस राखीव हवाच, तो धरला नाहीस तर गाडी धरते. सहा दिवसांत बसवायचं तर अंधारात चालवावं लागेल आणि ज्या रस्त्यांसाठी निघालास ते दिसणारच नाहीत.

थोडं विषयांतर. १९८६ साली जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा मी म्हापशाहून पणजीला नोकरीला जायचो. बेतीच्या धक्क्यावर राजदूत लावून फेरीची वाट बघत उभा राहायचो. कधी एक बोट, कधी तीन बोटी सुटायच्या. तेव्हापासून कुठे निघताना ‘किती लांब’ असं मी विचारतच नाही, ‘किती वेळ’ विचारतो.

सत्तरीचा_गवा

त्या ‘झकास वाटे’बद्दल. गेलोय मी. रोज जातो. ती आमच्या कुळागराची, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेची वाट आहे. पुढे देवराई आहे आणि तिच्या पलीकडे अभयारण्य. माझी आई त्या वाटेने काजू गोळा करायला जाते. जीपीएक्स देत नाही.

अर्धी_टाकी

अरे पण रान सरकारी आहे ना? वाट म्हटली की कोणीही जावं.

सत्तरीचा_गवा

वाट आणि रस्ता यांत फरक आहे. रस्ता सर्वांचा, त्यावरून खुशाल जा. वाट ज्यांच्या पायांनी पडली त्यांची. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, २०८ चौरस किलोमीटर. परवानगीशिवाय आत शिरणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आम्ही त्याच्या आधीपासून इथे आहोत, तरी सरपणाची मोळी आणताना आम्हाला विचारणा होते. आणि तुम्ही गाडी घालणार कारण ती वरून चांगली दिसते.

दुसरं, २०२३ च्या मार्चात या डोंगरांत वणवे लागले तेव्हा आम्ही हिरव्या फांद्या घेऊन आग झोडत होतो. नोव्हेंबर संपता संपता गवत वाळायला लागतं. तापलेला सायलेन्सर वाळक्या गवतात टेकवून गाडी उभी केली की काय होतं ते मेकॅनिकला विचारा.

राग नाही. पण उपग्रहातून माणसं दिसत नाहीत, म्हणून लिहिलं.

तांबडी_माती

गवा, चुकलं. खरंच कुळागर असेल असं डोक्यात आलं नाही, मला फक्त तांबडी रेघ दिसली. मूळ धाग्यातलं ते वाक्य काढायला हवं, पण संपादन बंद झालंय. कोणी संपादक वाचत असतील तर कृपया काढा.

मग सराव कुठे करू?

सत्तरीचा_गवा

साखळीहून केरी, अंजुणे धरणाच्या बाजूने वाळपई, तिथून आतल्या रस्त्याने तांबडी सुर्ला. सगळा डांबरी आहे, पण पावसाने इतका उखडलाय की तुझी हौस फिटेल. पुढे मोले, धारबांदोडा, सांगे. खाणपट्ट्यात टिप्पर असतील तर त्यांच्या मागे राहू नको, धूळ खाशील. पुढेही राहू नको.

कानकोणचो_पायलट

पात्रांव, बरें केलें विचारलें तें. मी बावीस वर्षं पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला. पिवळा मडगार्ड, मागे गिऱ्हाईक, त्याच्या मांडीवर कधी बांगड्याची पाटी तर कधी गॅसचा सिलिंडर. ऑफरोड, अॅडव्हेंचर असले शब्द आमच्याकडे नाहीत, पण रस्ते तेच. चार गोष्टी सांगतो.

आपली तांबडी माती तीन प्रकारची. सुकी असली की वर बारीक खडे, मोहरीवर चालवल्यासारखी गाडी सरकते. तिथे पुढचा ब्रेक दोन बोटांनी, आणि वळायच्या आधी. वळणात नाही. ओली असली की साबण. आणि तिसरी सगळ्यांत वाईट, चिऱ्याच्या फरशीवर किंवा बंधाऱ्यावर शेवाळ. दिसतं काळं, वाटतं सुकलेलं. त्यावर काही करायचं नाही. ब्रेक नाही, क्लच नाही, अॅक्सिलेटर नाही, हँडल सरळ, पाय खाली सोडायचे नाहीत. माझा खांदा असाच निखळला होता एकदा, गिऱ्हाईक नव्हतं हे देवाचं उपकार.

व्हाळ (ओढा) ओलांडायचा असला तर आधी पायाने चालून बघ. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर परत फिर. कोणी बघत नसतं, लाज कसली. मध्येच गाडी बंद पडली आणि इंजिनात पाणी गेल्याचा संशय आला तर सेल्फ मारू नको. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाहेर काढ, प्लग काढ, मग सेल्फ मार, पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं. एअर फिल्टर पिळून सुकव.

क्लच केबल नवी घे आणि जुन्या केबलच्या शेजारूनच आतून ओवून ठेव, दोन्ही टोकांना टेप. तुटली तर फक्त टोकं बदलायची, टाकी उघडायची गरज नाही. क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर जास्तीचा. पडली की पहिला तोच जातो.

आबोली

पायलटभाऊंना दंडवत. मी जुनी इंपल्स चालवते (फोंडा ते कुठेही), त्यामुळे सामानाबद्दल मी बोलते.

जेवढं न्यायचं ठरवलंस तेवढं खाटेवर मांड, मग निम्मं परत कपाटात ठेव. विनोद नाही. दहा किलोच्या वर जाऊ नको. आणि वजन खाली, पुढे. लोक मागच्या कॅरिअरवर डोंगर रचतात, मग पुढचं चाक हलकं होऊन कच्च्यात हँडल भरकटतं. अवजारं, ट्यूब, पाण्याची बाटली सॅडलबॅगेत तळाला, कपडे वर. तीन शर्ट पुरतात. एक अंगात, एक दोरीवर, एक झोपायला.

ट्यूब दोन नेऊ नको. एकवीस इंची, पुढच्या चाकाची तेवढी ने. मागच्या अठरा इंचीत ती अडीअडचणीला बसते, उलटं नाही. घरी अंगणात एकदा मागचं चाक काढून, टायर उतरवून परत चढवून बघ. रस्त्यावर पहिल्यांदा करशील तर रडशील. मी रडले होते, आजऱ्याच्या पुढे, आणि एका शेतकऱ्याच्या म्हातारीने मला ताक दिलं होतं.

चेनीला दर पाचशे किलोमीटरला वंगण. चिखल धुवायला रॉकेल चालतं, पेट्रोल नको, त्याने चेनीतल्या ओ-रिंग (रबरी कड्या) जातात. कच्च्यात हवा पाच-सहा पीएसआयने कमी केलीस तर गाडी बसून चालते. पण ट्यूब आहे, १८ च्या खाली जाऊ नको, दगडावर आपटली की ट्यूब रिमला चावते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

गाडी उचलायची रीत : आधी इंजिन बंद, गाडी गियरमध्ये. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेव, नाहीतर उचलून पलीकडे पाडशील. पाठ गाडीकडे करायची, सीटला टेकायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्याने ग्रॅबरेल, आणि पायांनी मागे मागे चालत उचलायची. कमरेने नाही. रिकाम्या एक्सपल्सला १५९ किलो आहेत, मी ५४. जमतं.

नवशिक्या

धागा छान चाललाय. एक बावळट प्रश्न : माझ्याकडे गाडी नाही. गोव्यात भाड्याने घेऊन अशी ट्रिप करता येते का?

जुनी_राजदूत

गोव्यात फिरायला घे, पण पाटी बघ. काळी पाटी, पिवळी अक्षरं असली तरच ती भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीची कोणी देत असेल तर घेऊ नको. अपघात झाला तर विमावाला हात वर करतो आणि पोलीस तुला धरतो. राज्याबाहेर मात्र बहुतेक मालक नेऊ देत नाहीत, विचारून बघ. आणि बावळट काही नाही त्यात.

घाटमाथा

चंदगडकडचा आहे, उशिरा आलो. तुमचा पहिला दिवस माझ्या दारातून जातो म्हणून लिहितो.

दोडामार्ग, भेडशी, विजघर आणि मग तिलारी घाट. घाट छोटा पण खडा, वळणं अशी की वरून येणाऱ्या गाडीचं बोनेट आधी दिसतं आणि ड्रायव्हर मागाहून. पहिल्या गियरला लाजू नका. वर कोदाळीला पोचलात की हवाच बदलते. तिथून पारगड जवळ आहे. शिवरायांनी बांधलेला किल्ला, तानाजीचा मुलगा रायबा तिथला पहिला किल्लेदार. आजही गडावर वस्ती आहे. तासभर काढा.

आता खरं सांगायचं ते. हत्ती. कर्नाटकातून २००२ च्या सुमारास दोडामार्गात उतरले ते दोडामार्ग, चंदगड, आजरा या पट्ट्यात फिरताहेत. तुमच्याकडे गवा तसा आमच्याकडे हत्ती. सकाळी धुक्यात आणि सांजवेळी त्या पट्ट्यात गाडी नकोच. दिसला तर हॉर्न वाजवू नका, दिवा मारू नका, लांब थांबा. बाईक वळवायला जागा ठेवूनच थांबा.

पण हत्तीपेक्षा मी ट्रॉलीला घाबरतो. नोव्हेंबरात साखर कारखाने पेटलेले असतात. ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, रस्त्याभर ऊस बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर टेप मोठ्याने चालू. आजऱ्यापासून गारगोटीपर्यंत हेच. अंधारात त्या दिसत नाहीत, पोटात शिरल्यावर कळतं. सहानंतर गाडी लावून टाका.

पेट्रोल चंदगड, आजरा, गारगोटी, राधानगरीला मिळेल. तुमची टाकी तेरा लिटरची, पस्तीसचं अॅव्हरेज धरलं तरी साडेचारशे जाईल, पण अर्धी झाली की भरत चला.

अर्धी_टाकी

माझं नाव का घेतलंत?

घाटमाथा

:)

अर्धी_टाकी

मंडळी, मुद्द्याचं कोणी बोलतच नाही. सॅडलबॅगेत एक बाटली उर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) बसते की नाही?

कानकोणचो_पायलट

नोव्हेंबरात उर्राक खंयची रे? काजूला मोहोरसुद्धा नाही. शहरी माणूस तो शहरी माणूसच.

अर्धी_टाकी

बरं, फेणी.

जुनी_राजदूत

गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे. दोडामार्ग ओलांडताना गोव्याची जीए पाटी बघून बॅग उघडायला लावली तर गाडी तिथेच राहील. ते वजन पाण्याला दे. आणि कागद : लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी, डिजिलॉकरमध्ये ठेव आणि झेरॉक्सही ठेव, घाटात रेंज नसते.

तांबडी_माती

मंडळी, सराव करून आलो. दोन दिवस, डिचोली ते नेत्रावळी आणि परत. घरून निघताना छाती पुढे, आलो तेव्हा पाठ वाकलेली. सविस्तर लिहितो, राजदूतकाकांना हिशेब लागेल.

पहिला दिवस : साखळी, केरी, वाळपई, तांबडी सुर्ला, मोले, धारबांदोडा, सांगे, साळावली, नेत्रावळी. साडेसहाला निघणार होतो. निघालो सात पन्नासला. काका, तुम्ही म्हणालात साडेसात, मी तुमच्याही पुढचा.

आबोलीताईंचं ऐकून निम्मं सामान काढलं होतं, तरी सतरा किलो भरलं. ते कॅरिअरवर वर रचलं, कारण सॅडलबॅग पुरली नाही. अंजुणेच्या पुढे खड्ड्यांची रांग लागली तिथे हँडल असं डुलायला लागलं, जणू मागे कोणी दारू पिऊन बसलंय. वाळपईला गाड्यावर थांबून पाव-भाजी आणि मिरची भजी खाल्ली आणि तिथेच फुटपाथवर सगळं उपसून पुन्हा भरलं. बघायला आठ माणसं. एकाने विचारलं, ‘घर सोडून चाललास काय रे?’

सॅडलबॅगेचा एक पट्टा लोंबत होता तो सायलेन्सरवर टेकून जळला. वास आला तेव्हा मला वाटलं कोणीतरी रानात प्लॅस्टिक जाळतंय. गवा, त्या क्षणी तुझा सायलेन्सर आठवला. उभा राहिलो तेव्हा खाली बघून, खडीवर.

तांबडी सुर्ल्याला देवळात तासभर बसलो. कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं देऊळ, समोर नदी, मागे डोंगर, आणि आपण घामाचे, चिखलाचे. पुजाऱ्याने काही विचारलं नाही. मग सांग्याकडे जाताना मागचं चाक बसलं. खिळा.

ताई, मी अंगणात सराव केला नव्हता. वेळ लागला दोन तास दहा मिनिटं. टायर चढवताना लिव्हरने नव्या ट्यूबला चिमटा बसला, ती पण गेली, मग जुनीलाच पॅच मारला. शेवटी रस्त्याने जाणाऱ्या एका टिप्परवाल्याने गाडी थांबवली, खाली उतरला, टायरची विरुद्ध बाजू गुडघ्याने रिमच्या खोलगट भागात दाबली आणि लिव्हर न लावता टायर बसवला. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, खाणी बंद होत्या तेव्हा पाच वर्षं पंक्चरचं दुकान चालवत होतो.

नेत्रावळीला पोचलो तेव्हा पावणेसात. अंधार. दिवसाचे किलोमीटर... सांगायला लाज वाटते, पण धाग्याच्या शास्त्रासाठी सांगतो, एकशे एकोणीस.

दुसऱ्या दिवशी बुडबुड तळं बघितलं (खरंच बुडबुडे येतात, माझ्या मुलीला दाखवायचंय), मग रिवणजवळ उसगाळिमळला कुशावतीच्या काठची कातळचित्रं. बैल, गवे, आणि तो गोल चक्रव्यूह. चिऱ्याच्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी बसून कोरलेला. मी बूट काढून बाजूला बसलो आणि बोटाने हवेतच त्याची वाट गिरवली, पायलटभाऊंचं शेवाळाबद्दलचं वाक्य आठवत. तिथेच मोबाइलवर सगळा बेत उघडला आणि महाबळेश्वर खोडलं.

आबोली

काय?? महाबळेश्वर खोडलं?

तांबडी_माती

हो. सहा दिवस आहेत, सहाच राहणार. काकांच्या भागाकाराने नऊशे किलोमीटर बसतात, त्यातून राखीव दिवस वजा, उरले साडेसातशे. मग वरचं टोक कशाला? स्ट्रॉबेरी बाजारात मिळते.

नवा बेत : डिचोली, तिलारी घाट, पारगड, चंदगडला मुक्काम. दुसरा दिवस आजरा (घनसाळ तांदूळ घ्यायचा, आईने सांगितलंय), गारगोटी, राधानगरी. तिसरा धामणी खोऱ्यातून गगनबावडा. चौथा कळे, बाजारभोगाव, अणुस्कुरा घाट उतरून पाचल, राजापूर. पाचवा जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण. सहावा वेंगुर्ले, शिरोडा, रेडी, तेरेखोल, फेरीने केरी, घर. राखीव दिवस वेगळा ठेवता येत नाही, म्हणून गगनबावड्याचा मुक्काम खोडण्याजोगा ठेवलाय. गाडी बिघडली तर राधानगरीहून सरळ फोंडा घाटाने खाली उतरायचं.

जुनी_राजदूत

हा बेत पोटात बसतो. दाभोळ-तवसाळच्या फेऱ्या गेल्या याचं वाईट वाटतंय, पण त्या कुठे पळत नाहीत. शेवटच्या दिवशी फेरीवर विसंबू नको, ओहोटीला तेरेखोलच्या बोटीचा भरवसा नाही. नाहीच मिळाली तर आरोंद्याहून किरणपाणीचा पूल आहे. आणि कोणाला वाट विचारताना नुसतं केरी म्हणू नको. गोव्यात केरी तीन आहेत. तुझी पेडण्यातली. नाहीतर लोक तुला गव्याच्या घरी पोचवतील.

घाटमाथा

चंदगडला पोचलात की इथे निरोप टाका. घर मोठं आहे, गोठ्याशेजारी गाडीला छप्पर आहे. एकवीस इंची ट्यूब मी कोल्हापूरहून आणून ठेवतो, पैसे नंतर बघू. येताना तिलारीत चारच्या आत वर या.

कानकोणचो_पायलट

मागचा टायर बदलून जा रे. फोटोत बघितला, मधली नक्षी गेलीय. चिखलात तो टायर म्हणजे चप्पल. आणि घाटमाथाभाऊ ट्यूब आणतायत म्हणून तुझी घरी ठेवून जाऊ नको.

तांबडी_माती

टायर सांगितलाय, शनिवारी येतोय. रविवारी अंगणात तीन वेळा उतरवून चढवणार, बायको घड्याळ लावून बसणार आहे. सामान आता साडेनऊ किलो. तिसरा शर्ट काढला, ताई, माफ करा.

गवा, एक विचारायचं होतं. निघण्याआधीच्या रविवारी नवा टायर घासायला साखळी-केरी रस्त्याने एक फेरी मारीन म्हणतो. डांबरीच. तुझं घर रस्त्याला लागून आहे का? उतरून भेटलं तर चालेल? हॉर्न वाजवू की फोन करू?

सत्तरीचा_गवा

हॉर्न नको. धरणाच्या पुढे आंब्याखाली गाडी बंद कर आणि हाक मार. आई असेल, मी नसलो तरी चहा मिळेल.

अर्धी_टाकी

मी पण येऊ का? हिमालयन घेऊन.

सत्तरीचा_गवा

ये. बंद करून.